काकू, तुमच्या तळघरातल्या खोक्यांबद्दल

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही दिलेल्या ‘ड्रॅगन’ मासिकाच्या जुन्या अंकांवर आमच्या शनिवारच्या कंपूचा अख्खा हिवाळा निघाला, त्याबद्दल हे आभार. पत्र मुद्दाम उघड लिहितोय. मिलवॉकीत आणि शिकागोकडच्या बाजूला अजून कितीतरी मराठी तळघरांत अशी खोकी पडून असतील, आणि घर विकायची वेळ आली की ती सगळ्यात आधी रस्त्याच्या कडेला जातील. त्या घरांतल्या मंडळींनीही हे वाचावं.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडून गाडीने तासाभरावरच्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्स राहायचा. त्याने आणि डेव्ह अर्नेसनने मिळून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. एक जण, म्हणजे ‘डंजन मास्टर’, प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्रातर्फे काय करायचं ते बोलतात, आणि जिथे शंका असेल तिथे फासे टाकतात. नियम अर्धवट होते, छपाई यथातथाच होती, आणि खेळणाऱ्यांच्या शंका संपत नव्हत्या. म्हणून गायगॅक्सच्या टीएसआर कंपनीने आधी एक छोटं पत्रक चालवलं आणि त्याचे सात अंक निघाल्यावर जून १९७६ मध्ये टिम कास्कच्या संपादनाखाली ‘ड्रॅगन’ सुरू केलं. छापील मासिक २००७ च्या सप्टेंबरपर्यंत, ३५९ अंक चाललं. पहिली दोनतीन वर्षं मला फारशी भावत नाहीत, सगळं कच्चं वाटतं. १९७९ नंतरची सातआठ वर्षं मात्र सोन्यासारखी आहेत, आणि तुमच्या खोक्यांत नेमकी तीच होती.

मला अंक हवे होते ते संदर्भासाठी. तसे पहिले अडीचशे अंक १९९९ मध्ये सीडीवर निघाले होते, त्यामुळे नुसता मजकूरच हवा असता तर तुम्हाला त्रास द्यायची गरज नव्हती. तुमच्या अंकांत मजकुराच्या बाजूला बरंच काही होतं. प्रत्येक अंकावर पत्त्याचं लेबल, त्यात आडनावाचं शेवटचं अक्षर कायम कापलेलं. समासात तुमच्या मुलाचं पेन्सिलीचं बारीक अक्षर, ‘खोटं!’, ‘हे आमच्या टेबलावर चालणार नाही’, असलं काहीबाही. आणि एका अंकात काकांचं अक्षर.

तो ऑगस्ट १९८४ चा, ८८ वा अंक. वाद असा होता की पात्र उंचावरून पडलं तर त्याला किती लागायला हवं? पात्राला जीवाचे ठरावीक गुण असतात, आणि फाशांवर पडेल तेवढे त्यातून वजा होतात. पुस्तकातला नियम म्हणे दर दहा फुटांना एक फासा, जास्तीत जास्त वीस. वीस फाशांची सरासरी बेरीज सत्तर. म्हणजे नव्वद गुणांचा मुरलेला योद्धा दोनशे फुटांवरून उडी मारून कपडे झटकत चालू लागणार. १९८३ मध्ये मासिकात खुलासा आला की गायगॅक्सच्या मनात चढता हिशोब होता. पहिल्या दहा फुटांना एक फासा, पुढच्या दहाला आणखी दोन, त्यापुढे तीन. तीस फुटांवरच सहा फासे. त्यावर पुन्हा गदारोळ, आणि मग ८८ व्या अंकात थेट भौतिकशास्त्र. पडणाऱ्या वस्तूची ऊर्जा उंचीच्या प्रमाणातच वाढते, तेव्हा जुना सरळ हिशोबच बरोबर, असा एका लेखाचा दावा होता. त्या पानाच्या खालच्या कोऱ्या जागेत काकांनी सगळं गणित स्वतः करून पाहिलंय, एकदा फुटांत आणि एकदा मीटरमध्ये. उत्तराखाली दोन रेघा मारल्यात आणि शेजारी मराठीत लिहिलंय, ‘हवेचा रोध धरलेला नाही!’ त्याच्याखाली तुमच्या चिरंजीवांनी इंग्रजीत विचारलंय की चिलखताचं वजन धरलं का.

हे पान मी आमच्या पोरांना दाखवलं. एरवी कुठला नियम अडला की त्यांचा हात आधी फोनकडे जातो, उत्तर दोन सेकंदांत मिळतं आणि विषय तिथेच मिटतो. त्या दिवशी फोन बाजूला पडले. नववीतल्या एकीने काकांच्या गणितात हवेचा रोध घालून दाखवला. दुसऱ्याला ते पटेना. खेळ राहिलाच, पण इतका चांगला शनिवार आमचा त्याआधी झाला नव्हता.

शंकांचं वेगळं सदरही होतं, ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ नावाचं. १९७९ मध्ये ते जीन वेल्सने सुरू केलं, पुढे स्किप विल्यम्सने वर्षानुवर्षं चालवलं. कुठल्यातरी आडगावातला पोरगा विचारतो, अदृश्य झालेल्या माणसाची सावली पडते का? आणि छापील उत्तर येतं, पूर्ण गांभीर्याने. पत्र पाठवल्यापासून उत्तर छापून येईपर्यंत महिने जायचे. तोवर काय करायचं? आपसांत भांडायचं. मला वाटतं, या मासिकाची खरी गंमत त्या महिन्यांत होती.

एड ग्रीनवुडचंही असंच. कॅनडातल्या वाचनालयात काम करणारा हा गृहस्थ १९७९ पासून इथे लिहायला लागला. आपल्या कल्पनेतल्या जगाच्या गोष्टी तो एल्मिन्स्टर नावाच्या म्हाताऱ्या जादूगाराच्या तोंडून सांगायचा. १९८७ मध्ये टीएसआरने तेच जग ‘फरगॉटन रेल्म्स’ म्हणून बाजारात आणलं. वाचक पाठवतोय आणि मासिक छापतंय, असं करत करत अर्धा खेळ वाचकांनीच लिहिला, असं म्हटलं तरी चालेल.

आता तुमच्या जिन्याबद्दल. तुम्ही हसत हसत सांगितलंत खरं, पण ते सोपं नव्हतं. १९८५ मध्ये टीव्हीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’सारख्या कार्यक्रमात या खेळाचा संबंध मुलांच्या आत्महत्यांशी जोडणारे आरोप झाले, गावोगावच्या चर्चमध्ये हा सैतानाचा खेळ ठरला. नव्या देशात आलेलं एक मराठी कुटुंब, आणि शेजारीण दारात पत्रक घेऊन उभी. कुणीही घाबरून ती पुस्तकं कचऱ्यात टाकली असती. तुम्ही काय केलंत? एका संध्याकाळी तळघराच्या जिन्यावर बसून पोरं काय करतात ते ऐकलंत. आणि शेजारणीला जाऊन सांगितलंत, की तासभर ऐकलं, सोबत किती फुटी दोर घ्यायचा एवढ्यावरच भांडत होते, यात सैतान बसणार कुठे? टीएसआरला तेवढी हिंमत झाली नाही बरं का. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून त्यांनी ‘डीमन’, ‘डेव्हिल’ हे शब्दच गाळून टाकले.

त्या आरोपांच्याच वर्षी, १९८५ च्या ऑगस्टमध्ये, असले खेळ खेळणाऱ्यांचा ‘जेन कॉन’ मेळावा मिलवॉकीत आला आणि २००२ पर्यंत इथेच भरत राहिला. काका मुलाला घेऊन गेले आणि तुम्ही बरोबर दशम्यांचा डबा दिलात, हे ऐकल्यापासून आमची पोरं दशम्या मागताहेत. काही घरांत त्या कशा करतात हे कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा कृती लिहून पाठवलीत तर आणखी एक उपकार होईल.

एक उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलंय. तुम्ही म्हणालात की बाकी काही वाचत नव्हते, पण शेवटच्या पानांतला तो सिगार ओढणारा, बिलियर्ड खेळणारा ड्रॅगन आवडायचा, आणि तो मध्येच बंद का झाला? ते चित्रसदर ‘वर्मी’, डेव्ह ट्रॅम्पियरचं. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकावरचं ते मूर्तीचे डोळे उपटणाऱ्या चोरांचं प्रसिद्ध मुखपृष्ठही त्याचंच. १९८८ मध्ये गोष्ट ऐन रंगात असताना त्याने चित्रं पाठवणं थांबवलं आणि या सगळ्या जगाकडे पाठ फिरवली. बरीच वर्षं लोकांना वाटत होतं की तो गेला. मग इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावात तो टॅक्सी चालवताना सापडला. परत चित्रं काढायला त्याने साफ नकार दिला. २०१४ मध्ये तो वारला. गोष्ट अर्धवटच राहिली, काकू. पुढचं कुणालाच माहीत नाही.

अंक मी ओळीने लावून, गंजलेल्या पिना काढून, प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवलेत. शंभराव्या अंकाच्या मुखपृष्ठावरचा उठावाचा ड्रॅगन अजून हाताला लागतो. लेबलं तशीच ठेवलीत. सगळं मेमध्ये परत आणून देईन, फक्त ८८ वा अंक आणखी थोडे दिवस राहू द्या, पोरांचा वाद मिटलेला नाही. आणि चिरंजीवांशी फोनवर बोलणं झालं की एवढं विचाराच: चिलखताचं वजन धरायचं की नाही, याचं काकांनी शेवटी काय उत्तर दिलं? पानावर ते कुठे नाही. एकीचं म्हणणं, काका नक्की म्हणाले असणार की वजनाने काही फरक पडत नाही. दुसरा म्हणतो, हवा धरली की पडतो. पैज दशम्यांवर लागली आहे.

तुमचा,
शनिवारच्या पोरांचा डंजन मास्टर