फसलेला विनोद ओळखायचा कसा? ‘द सिम्पसन्स’बद्दल मित्रास पत्र

प्रिय अनिरुद्ध,

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या सगळ्यात फसलेल्या विनोदांची तुझी यादी वाचली. पहिल्या क्रमांकावर जमिनीखाली राहणारे बुटके जॉकी, म्हणजे शर्यतीतले घोडेस्वार, आहेत. नवल वाटलं नाही, कारण हा वाद निघाला की पहिलं बोट त्यांच्याकडेच जातं. मला मात्र ते पटत नाही. माझा आक्षेप क्रमांकापेक्षा विनोद तपासण्याच्या पद्धतीवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी यादीतून काही नोंदी काढून टाक. मुख्याध्यापक स्किनर हा मुळात आर्मिन टॅमझेरियन नावाचा तोतया निघतो, तो नवव्या सीझनचा भाग (सप्टेंबर १९९७). चाहते त्यावर चिडले, आणि स्किनरला आवाज देणाऱ्या हॅरी शिअरर यांनीही त्या कथेवर उघड टीका केली. पण ती तक्रार कथेबद्दल आहे. शेवटी न्यायाधीश हुकूम काढतात की झालेल्या प्रकाराचा उल्लेख पुन्हा कुणी करायचा नाही, केल्यास छळाची शिक्षा. एवढा विनोद वेगळा काढून बघितला तर तो नेमका बसला आहे. तीच गोष्ट २००८ मधल्या नव्वदच्या दशकाच्या भागाची. १९९१ मध्ये मालिकेने सांगितलं होतं की होमर आणि मार्ज हे सिम्पसन जोडपं १९७४ साली शाळेत भेटलं. पुढे त्यांचं तरुणपण वीसेक वर्षं पुढे सरकवलं. पात्रांची वयं थांबलेली आणि कॅलेंडर चालू, मग अशी ओढाताण होणारच. राग कालक्रमाचा असेल तर त्याची वेगळी यादी कर. विनोदाच्या यादीत एक नोंद म्हणजे एक विनोद, सुरुवातीच्या आणि शेवटच्या मिनिट-सेकंदासह. ‘अकरावा सीझन’ ही नोंद होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट, तू कोणती आवृत्ती बघितलीस? हे क्षुल्लक नाही. मालिका सुरुवातीची वीसेक वर्षं ४:३ या जुन्या, चौकोनी चौकटीत बनत होती; रुंद चौकट २००९ मध्ये आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर जुने भाग १६:९ मध्ये आले ते वरून-खालून कापून. त्यात चित्रातले विनोद थेट मेले. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण १९९३ मधल्या डफ बिअरच्या कारखान्याचं आहे. डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशा तीन टाक्या दिसतात, आणि तिन्हींत एकाच नळातून बिअर येते. तो नळ वरच्या बाजूला आहे. वरचा भाग कापला की उरतात फक्त तीन टाक्या, आणि बघणाऱ्याला वाटतं इथे विनोदच नाही. मे २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय दिला गेला. मालिकेच्या माहितीत ‘रीमास्टर्ड’ चौकटीचं बटण असतं, ते बंद ठेव. टीव्हीवरच्या पुनःप्रक्षेपणातही जाहिरातींना जागा करायला दृश्यं कापलेली असतात, आणि कात्री बहुधा मांडणीवर, म्हणजे विनोदाच्या तयारीवर, चालते, कारण मांडणी गेली तरी कथा समजते. नंतर येणारा पंच, म्हणजे हसवणारा शेवट, मात्र अधांतरी राहतो. शक्य असेल तर सबटायटल्सही बंद कर. वाक्याचा शेवट आवाजाआधी वाचला गेला की टायमिंग संपलं, आणि या मालिकेत मागे ध्वनिमुद्रित हशा नाही, त्यामुळे सगळा भार टायमिंगवरच असतो. एवढं केल्याशिवाय कुठल्याच विनोदाला नापास करू नकोस.

आता लांबणीचा मुद्दा. पाच नोंदींपुढे तू नुसतं ‘फार लांबला’ एवढंच लिहिलंस. लांबी हा दोष नव्हे. १९९३ मध्ये सिम्पसनांचा मुलगा बार्ट याच्या जिवावर उठलेला साइडशो बॉब गाडीखालून बाहेर येतो आणि दाताळ्यावर पाय देतो. दांडा तोंडावर बसतो. मग दुसरं दाताळं, तिसरं, असं नऊ वेळा. भाग वेळेला कमी पडत होता म्हणून तेच चित्रण पुन्हा पुन्हा जोडलं. निव्वळ भर म्हणून टाकलेली ही गोष्ट मालिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या विनोदांत गेली. का? बॉब हे मालिकेतलं सगळ्यात सुसंस्कृत, सगळ्यात अहंकारी पात्र आहे. प्रत्येक फटक्यानंतर तो तसाच गुरगुरतो, म्हणजे त्याचा अभिमान दर वेळी पुन्हा उभा राहतो आणि पुन्हा पडतो. तिसऱ्या-चौथ्या दाताळ्याला कंटाळा येतो. सहाव्यानंतर तो कंटाळाच हसू बनतो. हेच दाताळं होमरला नऊदा लागलं असतं तर उरला असता फक्त वेळकाढूपणा, कारण होमरला पडायला उंची नाही.

त्याच्या उलट बांधणी १९९० मधल्या दरीच्या प्रसंगाची. बार्टला अडवायला गेलेला होमर स्वतःच स्केटबोर्डवरून दरीत जातो. क्षणभर त्याला वाटतं की आपण पलीकडे पोहोचतोय. तो आनंद दाखवला आहे म्हणून पडणं लागतं. मग त्याला वर ओढताना डोकं कड्यावर आपटतं, रुग्णवाहिका झाडाला धडकते आणि स्ट्रेचर घरंगळत पुन्हा त्याच दरीत. इथे पुनरावृत्ती एकदाच आहे आणि ती मदतीच्या हातांनी घडते. दोन्ही विनोद लांब आहेत, दोन्हींत माणूस आपटतो, पण कारणं निरनिराळी. तेव्हा ‘लांबला’ असं लिहिताना कितव्या फेरीला नवं काही यायचं थांबलं, ते मोज.

माझी मुख्य कसोटी मात्र दुसरीच आहे. विनोद घडताना त्या पात्राला काय हवं आहे, ते एका वाक्यात लिही. वाक्य लिहिता आलं नाही, किंवा लिहिताना कर्ता म्हणून लेखक यायला लागला, तर विनोद आतून पोकळ आहे. एप्रिल १९९६ मधलं स्किनर आणि त्याचे साहेब चाल्मर्स यांचं जेवण घे. तीन मिनिटांहून छोटा तुकडा. स्किनरला साहेबांसमोर लाज राखायची आहे, बस. भट्टीतलं मांस जळतं, तो दुकानातले बर्गर आणून आपलेच म्हणून वाढतो, आणि पहिल्या खोट्याला झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. घराला आग लागते तेव्हा तो स्वयंपाकघरात ध्रुवीय प्रकाश आहे असं सांगण्यापर्यंत जातो. गोष्ट अशक्य कोटीतली आहे, पण पुढची प्रत्येक थाप मागच्या थापेने भाग पाडलेली. चाल्मर्स दर वेळी रास्त प्रश्न विचारतो आणि दर वेळी थोडक्यात सुटू देतो. त्याने जरा जास्त ताणलं असतं किंवा लगेच मान डोलावली असती, तर तुकडा कोसळला असता.

आता जॉकी. ६ फेब्रुवारी २००० चा भाग. घरात घोडा येतो, बार्ट त्याच्यावर शर्यती जिंकतो, आणि बाकीचे जॉकी होमरला जमिनीखालच्या आपल्या राज्यात नेऊन धमकावतात. त्यांना काय हवं आहे? घोड्याने हरायला हवं आहे. वाक्य सहज लिहिता येतं. विचित्र आहे, मागे काही पेरलेलं नाही, अचानक येतं. मांडणीविना टाकलेला पंच म्हणून मी त्याला कमी गुण देईन. पण तो निदान स्वतःच्या जबाबदारीवर उडी मारतो.

त्याच भागात त्याहून वाईट गोष्ट आहे आणि ती तुझ्या यादीत नाही. घोडा पाळायचं ठरतं तेव्हा कॉमिक्सचं दुकान चालवणारा, कायम खोट काढणारा चाहता ‘कॉमिक बुक गाय’ आठवण करून देतो की या घराने आधी एक घोडा पाळला होता आणि त्या खर्चापायी होमरला क्विक-ई-मार्ट या दुकानात नोकरी करावी लागली होती. होमर जमावाला विचारतो की याचं म्हणणं कुणाला ऐकायचं आहे का, आणि जमाव एकमुखाने ‘नाही’ म्हणतो. गड्याच्या अंगावर ‘आजवरचा सर्वांत वाईट भाग’ अशा अर्थाचा शर्टसुद्धा आहे. हे वाक्य मालिकेने १९९७ मध्ये त्याच्याच तोंडी दिलं होतं, पूची नावाच्या कुत्र्याच्या भागात, आणि तिथे ते अस्सल होतं: चाहत्याला चांगलं कार्टून हवं होतं, बार्टने त्याला उलट विचारलं की फुकट मिळालेल्या करमणुकीपोटी तुझं देणं कोण लागतं, आणि दोघांचीही बाजू ऐकावीशी वाटत होती. २००० मध्ये एकच बाजू उरली. १९९१ मध्ये तो पहिला घोडा होमरने मुलगी लिसाच्या प्रेमापोटी घेतला होता, दिवसा एक आणि रात्री दुसरी नोकरी करून. ती झीज बघून लिसाने स्वतःहून घोडा सोडला. त्या भागातले विनोद उभे राहिले ते होमरच्या थकव्यावर. जमावाचा ‘नाही’ ती किंमतच पुसून टाकतो. पुढच्या वेळी होमर कशासाठी तरी झिजेल तेव्हा ते मनावर का घ्यायचं?

बरोबर आठवड्याने, १३ फेब्रुवारीला, शेजारच्या नेडची बायको मॉड फ्लँडर्स हिचा मृत्यू. मोटार शर्यतीच्या मैदानात टी-शर्ट उडवणाऱ्या तोफा आहेत. होमर हट्टाने शर्ट मागतो, नेमका त्याच क्षणी खाली पडलेली पिन उचलायला वाकतो आणि शर्टांचा मारा मागून येणाऱ्या मॉडवर बसतो. ती प्रेक्षागृहावरून खाली पडते. इथपर्यंतची यंत्ररचना चोख आहे, हे मान्य करायला हवं. विनोद फसतो तो नंतर, जेव्हा कळतं की होमरची गाडी रुग्णवाहिकेच्या जागेत उभी होती. चाहते ज्याला ‘जर्कॲस होमर’, म्हणजे निव्वळ नालायक होमर, म्हणतात तो हाच. आधीचा होमर नेड फ्लँडर्सला छळायचा तेव्हा त्याला नेडचा मत्सर वाटायचा, नेडचं अवजार हवं असायचं, कधी नकळत त्याची मायाही वाटायची. त्याच्या वागण्याची झळ त्यालाही बसायची. इथे त्याला गाडी जवळ लावायची आहे एवढंच, आणि सगळी किंमत नेडची. हा विनोद तुझ्या यादीत आठवा आहे. मी त्याला दुसरा ठेवेन.

पाहुण्यांबद्दल थोडक्यात. १९९१ मध्ये मायकल जॅक्सन आणि डस्टिन हॉफमन आले ते टोपणनावांनी, पात्रं म्हणून. २०१२ मध्ये लेडी गागा स्वतः म्हणून आली आणि गाव तिचं कौतुक करत राहिलं. ज्याच्या विरोधात कुणालाच काही नको, त्याच्याभोवती विनोद जमत नाही. भाग बनायला अर्ध्या वर्षाहून जास्त काळ लागतो, त्यामुळे ताज्या प्रसिद्धीवरचे विनोद पडद्यावर पोचेपर्यंत शिळे होतात, हेही त्यात धर.

आता माझा पहिला क्रमांक. ८ एप्रिल २०१८. क्विक-ई-मार्टचा भारतीय दुकानदार अपू याच्या चित्रणावर, त्याच्या उच्चारांवर टीका होत होती. आदल्या वर्षी त्यावर एक माहितीपट येऊन गेला होता. मार्ज लिसाला एक जुनं पुस्तक काटछाट करून वाचून दाखवते, आणि मग लिसा थेट कॅमेऱ्याकडे बघून अशा अर्थाचं बोलते की पूर्वी ज्याला टाळ्या मिळाल्या ते आता आक्षेपार्ह ठरतं, काय करणार? शेजारी अपूचा फोटो.

कसोटी लाव. लिसाला काय हवं आहे? काहीच नाही. हवं आहे ते लेखकांना, वाद मिटवायला. आणि त्यासाठी निवडलं कुणाला? फेब्रुवारी १९९४ मध्ये हीच मुलगी बोलक्या मॅलिबू स्टेसी बाहुलीची बायकांना कमी लेखणारी वाक्यं ऐकून पेटून उठली होती. बाहुलीच्या मूळ निर्मातीला शोधून काढून तिने नवी बाहुली बाजारात आणली. कंपनीने जुन्या स्टेसीला फक्त नवी टोपी घातली आणि गर्दी तिकडे वळली; लिसाची बाहुली एका मुलीने घेतली, आणि लिसाला तेवढंही पुरलं. तो शेवट हसवतो आणि लागतो, कारण ती मनापासून लढली आहे. अशा मुलीला खांदे उडवायला लावणं म्हणजे पात्राचा आवाज घेऊन त्यात दुसऱ्याचं म्हणणं भरणं. अपूची थट्टा करायची की नाही यावर मतभेद असू शकतात. माझा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. टीकेला उत्तर द्यायचं होतं तर स्वतः अपू होता, डॉक्टरेट मिळवलेला, दुकान सांभाळणारा, एकाच वेळी जन्मलेल्या आठ मुलांचा बाप. त्याला बोलू दिलं असतं तर वाईटात वाईट म्हणजे एक फसलेला प्रसंग झाला असता. त्याला चौकटीत फोटो करून ठेवला. हँक अझारिया यांनी जानेवारी २०२० मध्ये अपूला आवाज देणं सोडल्याचं सांगितलं, तेव्हा या दृश्याकडे पुन्हा बघताना ते आणखी पोकळ वाटतं.

तुझ्या यादीत एक उणीव राहते. तेवीस नोंदींपैकी जवळपास सगळ्या नवव्या ते बाराव्या सीझनमधल्या आहेत. तो काळ सर्वांत वाईट म्हणून नव्हे. बहुतेक जण तिथेच बघणं सोडतात म्हणून. भाग साडेसातशेच्या पुढे गेलेत. विसाव्यापासून पुढच्या प्रत्येक सीझनमधले दोन भाग चिठ्ठी टाकून निवड, आवडीने नको. प्रत्येकातला एक फसलेला आणि एक जमलेला विनोद वेळेसह टिपून ठेव, आणि ‘पात्राला काय हवं’ हे वाक्य दोघांपुढेही लिही. जमलेल्यांपुढे लिहिलेली वाक्यं नसतील तर फसलेल्यांशी तुलना कशाची करणार? जॉकींना मात्र पहिल्या पाचातून आत्ताच काढ, आणि काढणार नसशील तर त्यांच्या बाजूचं म्हणणं पुढच्या पत्रात वेळेसकट लिहून पाठव.

तुझा,
श्रीधर