बंड्या, अण्णांचा लॅपटॉप फॉरमॅट करू नकोस

घंटाळी, नौपाडा, ठाणे

प्रिय बंड्या,

कुरिअरने पेनड्राइव्ह पाठवतोय. तो हातात पडेपर्यंत अण्णांच्या लॅपटॉपला कुणाला हात लावू देऊ नकोस. "सिस्टिम उडालीय, फॉरमॅट मारून देतो" म्हणणाऱ्या त्या दुकानदाराला सांग, बाबा रे, आठवडाभर थांब. लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे आतलं सगळं गेलं असं नाही. अण्णांनी टाइप केलेल्या शाळेच्या आठवणी बहुतेक जिथल्या तिथे असतील. फॉरमॅट करून त्यावर नवीन विंडोज चढलं की मात्र त्या परत मिळणं महाकठीण.

फोनवर हे सांगितलं असतं तर तू नुसतं "हं, हं" केलं असतंस. म्हणून सविस्तर लिहितो.

पेनड्राइव्हवर पपी लिनक्स आहे, म्हणजे विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरूनच चालणारी छोटी सिस्टिम. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलरने २००३ मध्ये सुरू केलेलं. मी घातलंय ते त्याचं बुकवर्मपप६४ हे रूप, डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं. जुन्या, अशक्त मशीनसाठीच हा प्रकार आहे. याला लॅपटॉपची हार्डडिस्क लागतच नाही. काढून कपाटात ठेवलीस तरी चालेल. सगळी सिस्टिम काही मोजक्या दाबून बसवलेल्या फायलींमध्ये असते, आणि त्या फायली फक्त वाचायच्या. सुरू होताना त्या रॅममध्ये येतात आणि तू जे काही बदलशील ते त्यांच्यावरच्या वेगळ्या थरात लिहिलं जातं. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने रेघा माराव्यात तसं. कागद उचलला की नकाशा कोरा करकरीत.

आपल्या कामाचं कलम हेच. तू सांगितल्याशिवाय हे हार्डडिस्कवर काही लिहायला जात नाही. दुकानदार आधी दुरुस्ती करतो आणि मग "डेटा होता का?" विचारतो. आपण उलट क्रमाने जाऊ: आधी अण्णांचं लिखाण बाहेर, मग लॅपटॉपचं काय ते.

हे मी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात करून बसलोय. नौपाड्यातली निम्मी गल्ली सध्या पुनर्विकासाला निघालीय, आम्हीही रांगेत. मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या, फायलीसाठी जुनी इतिवृत्तं आणि सभासदांची नोंदवही हवी होती, आणि नेमका तेव्हाच ऑफिसातला म्हातारा कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर येऊन थांबायला लागला. खजिनदार काका तर बिल्डरचा घातपात असल्यासारखे बोलू लागले. पपीवरून चालू केला, डिस्क उघडली, सगळी फोल्डरं जागच्या जागी. उडाली होती ती फक्त सुरू होण्याची वाट. कॉपी करायला गेला तेवढाच वेळ, बाकी चहा.

आता तू काय करायचंस ते सांगतो. पेनड्राइव्ह लाव, बटण दाब आणि लगेच बूट मेन्यूची (कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची) की टपटप दाबत राहा. बऱ्याच लॅपटॉपवर ती एफ१२ असते, काहींवर एफ९ किंवा एस्केप. यादी आली की यूएसबी निवड. अण्णांचं मशीन विंडोज ७ च्या काळातलं, त्यामुळे सिक्युअर बूटची (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणाऱ्या कुलपाची) कटकट बहुधा नसणार. आवाज चालू असेल तर सुरुवातीला कुत्रं भुंकेल, दचकू नकोस.

पडद्यावर खाली डिस्कची छोटी चिन्हं दिसतील. एकदाच क्लिक कर, दोनदा नाही. डिस्कच्या सगळ्यात मोठ्या भागात 'यूजर्स' नावाचं फोल्डर असेल, त्यात अण्णांच्या नावाचं. डॉक्युमेंट्स बघ, पण त्याआधी डेस्कटॉप बघ. त्या पिढीचा सगळा संसार डेस्कटॉपवर असतो. सगळं उचलून दुसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर. कॉपीच, 'मूव्ह' नाही. पपीत तू थेट मालक म्हणून वावरतोस, ते परवानगी वगैरे विचारत बसत नाही. मघाशी म्हटलं ना, हे आपणहून काही लिहीत नाही. पण तू पुसायला सांगितलंस तर निमूट पुसेल.

आणि एक. डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज आला तर तिथेच बंद कर. "अजून एकदा बघू" करू नकोस. ती डिस्क मरायला टेकलेली असते, प्रत्येक फेरीत आणखी बिघडते. मग डेटा काढणाऱ्या जाणत्या माणसाकडे जायचं. तो खर्च अर्धा मी करीन.

फायली निघाल्या आणि उघडल्यावर सगळं अगम्य इंग्रजी दिसलं तर घाबरू नकोस. अण्णा 'शिवाजी ०१' मध्ये टाइप करायचे हे मला पक्कं आठवतंय. ते युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणारं मराठी टायपिंग, नाही. आत अक्षरं इंग्रजीच असतात, मराठीचं रूप फॉन्ट देतो. म्हणून विंडोजच्या फोल्डरातलं 'फॉन्ट्स' हेही कॉपी कर. हे विसरलास तर अण्णांना वाटेल लिखाण सडलं. तो फॉन्ट पपीत टाकला की मजकूर पुन्हा वाचता येतो. युनिकोडमध्ये उतरवायचं काम मी इथून करीन, थोडे जोडाक्षरांचे घोळ हाताने काढावे लागतील, पण होतं.

त्यानंतर लॅपटॉप पपीवरच चालवायचा का? अण्णांना नुसतं लिहायचं असेल तर खुशाल. देवनागरीचे युनिकोड फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड बसवून ठेवलेत. पण २ जीबी रॅममध्ये चमत्कार होत नाही. सिस्टिम हलकी असली तरी आजच्या वेबसाइट हलक्या नाहीत. कीर्तनाचे व्हिडिओ आणि चार टॅब एकदम उघडले की मशीन धापा टाकणार. बंद करताना ते "सेव्ह करू का?" विचारेल. हो म्हण, नाहीतर त्या दिवशी पपीत केलेलं सगळं विसरेल. यासाठीच पेनड्राइव्हचे दोन भाग केलेत, एक सुरू व्हायला, दुसरा लक्षात ठेवायला. हा पेनड्राइव्ह चुकून विंडोजला लावलास तर ते दुसरा भाग ओळखणार नाही आणि "फॉरमॅट करायचं का?" म्हणेल. त्यालाही दुकानदारासारखंच नाही म्हण.

वहिनींचा लॅपटॉप विंडोज १० चा आहे ना? त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. तोही भंगारात काढू नका, दिवाळीत येईन तेव्हा बघू.

डिस्कचं चिन्ह दिसलं की लगेच फोन कर. रात्री नऊनंतर कर, त्याआधी मी पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये भांडत असतो. अण्णांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझा,
दिल्या

ता. क. पेनड्राइव्ह ३२ जीबीचाच आहे, पण दुकानातून बिलासकट घेतलाय. स्टेशनजवळ सॅटिसच्या पुलाखाली दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या ५१२ जीबीवाल्यांच्या नादी मी लागत नाही. आत भलतीच छोटी चिप असते आणि ती भरली की पुढच्या फायली गायब. कॉपीसाठी तू बाहेरची डिस्क घेशील तीही राजापुरात नीट बघून घे.