वाघोलीच्या खाणीतला निळा खडा: ४६ मुलांच्या सहलीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

वाघोलीच्या दगडखाणींलगतच्या वस्तीत आम्ही काही जण रोज संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवतो. तिथल्या ४६ मुलांना दिवाळीच्या सुट्टीत सिन्नरचे ‘गारगोटी’ खनिज संग्रहालय दाखवायचे आहे. त्यासाठी आपल्यापुढे हात पसरत आहोत.

याची सुरुवात गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात झाली. सहावीतल्या एका मुलीने दप्तरातून दगडाचा तुकडा काढून पुढ्यात ठेवला. काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे स्फटिक आणि त्यांवर मोरपिशी निळ्या रंगाचे काटेरी गोळे. “बाई, हा खरा आहे का कुणी रंग लावलाय?” तो कॅव्हनसाइट होता. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून त्याचे नाव झाले आहे. पहिल्यांदा तो अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडला, पण जगातले सर्वांत देखणे नमुने आपल्या वाघोलीचे. देशोदेशीचे संग्राहक ते जिवापाड जपतात. त्या मुलीचे आईवडील याच खाणीत खडी फोडतात, आणि त्या निळ्या खड्याचे नावसुद्धा त्यांच्या कानावर कधी आले नव्हते.

मग आम्ही फळ्यावर सह्याद्री काढला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांत झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, ॲपोफिलाइट यांचे स्फटिक वाढले. यांतल्या झिओलाइट खनिजांचे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेटने ठेवले. अर्थ ‘उकळणारा दगड’, कारण तापवले की त्यातले पाणी वाफ होऊन फसफसते. एकाने विचारले, आपल्या खाणीत डायनासोर मिळेल का? लाव्हाच्या तप्त रसात हाड कुठून टिकणार! पण लाव्हाच्या थरांखालच्या गाळात ती मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळालीही आहेत.

फळा तेवढ्यापुरताच. हिवाळ्यात आम्ही आमच्या दोन गाड्यांत बसली तेवढी अकरा मुले सिन्नरला नेली. निळ्या कॅव्हनसाइटच्या कपाटापाशी एक मुलगा काचेला नाक लावून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “हे आमच्याकडचं आहे!” दुसऱ्या दिवशी त्याचे वडील कामावरून परस्पर अभ्यासिकेत आले. रुमालात बांधून आणलेला दगड उलगडून म्हणाले, “सर, याला काय म्हणतात तेवढं सांगा.” इतक्या वर्षांत पालक दगडाबद्दल विचारायला पहिल्यांदाच आले होते.

मागे राहिलेली मुले तेव्हापासून रोज विचारतात, आमची पाळी कधी?

या पोरांना आधी चपला द्या, संग्रहालय कसले दाखवता, असे आम्हाला एका हितचिंतकांनी सुनावले. चपलांची गरज खरीच आहे आणि त्यासाठी आमची वेगळी खटपट चालू आहे. पण ज्या दगडावर घर चालते, ज्याच्या धुळीने बापाची छाती भरते, तो दगड काय आहे हे कळण्याचा हक्क या मुलांना चपला मिळेपर्यंत थांबवून ठेवावा, हे आम्हाला पटत नाही.

बस, प्रवेशशुल्क आणि दोन वेळचे जेवण धरून एका मुलामागे ७०० रुपये, म्हणजे एकूण ३२,२०० रुपये लागतील. समितीने ९,२०० रुपये जमवले आहेत. २३,००० रुपये कमी पडतात. एका मुलाचा खर्च उचला, दोघे मिळून उचला, शंभर रुपये दिले तरी चालतील. पैसे शक्य नसतील तर दहापट दाखवणारी भिंगे द्या. भूशास्त्र शिकलेले कुणी दिवसभर बसमधून सोबत आले, तर ती आम्हाला सर्वांत मोठी देणगी वाटेल. वाटेत चाकण, नारायणगाव, संगमनेर असा चार-पाच तासांचा प्रवास आहे आणि मुलांचे प्रश्न संपत नाहीत.

प्रत्येक रकमेची पावती मिळेल. सहलीनंतर आठवड्याभरात सगळा हिशेब अभ्यासिकेच्या दारावर लावू. देणगीदारांच्या नावाचा फलक हातात देऊन मुलांचे फोटो मात्र आम्ही काढणार नाही, एवढे समजून घ्यावे.

रविवार सोडून रोज संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासिका उघडी असते. या, मुलांना भेटा. खिडकीत त्यांनी जमवलेले दगड मांडून ठेवले आहेत, तेही पाहा.

आपली,
अभ्यासिका समिती, वाघोली