जड पुस्तकांना रॅकही तसाच हवा

माननीय संपादक, स. न. वि. वि.

रोल-प्लेइंग खेळांची, म्हणजे खेळाडू काल्पनिक पात्रे होऊन गोष्ट पुढे नेतात अशा खेळांची, नियमपुस्तके गुळगुळीत जड कागदाची, पुठ्ठाबांधणीची आणि बहुधा २८ सेंटिमीटर उंचीची असल्यामुळे, कादंबऱ्यांच्या मापाने बेतलेल्या पार्टिकल बोर्डच्या कपाटात त्यांचा मोठा संग्रह लावला की फळ्या मधोमध वाकू लागतात. आधारांमधले अंतर निम्मे केल्यास तेवढ्याच दाटीने लावलेल्या पुस्तकांमुळे येणारा बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून सागवानावर खर्च करण्याआधी मधे एक उभा आधार द्यावा. मोठ्या संग्रहाला मात्र किराणा दुकानांत दिसतो तो भोकांच्या अँगलचा, नटबोल्टचा लोखंडी रॅकच मला योग्य वाटतो, कारण त्याच्या फळ्या हव्या त्या उंचीवर बसवता येतात. तो भिंतीला पक्का करण्यात हयगय नको. प्रत्येक फळी किती किलो पेलते, हे विक्रेत्यांनी ठळकपणे लिहावे, अशी आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे