पंचांगाशेजारी भरती-ओहोटीच्या वेळाही छापा

मा. संपादक, स. न.

दिवाळीची सुट्टी लागली की अलिबागच्या एसटी स्थानकात पाय ठेवायला जागा नसते. कल्याण, डोंबिवली, पनवेल, पुणे, कुठून कुठून माणसे येतात. मांडव्याच्या धक्क्यावर उतरणारी गर्दी वेगळीच. आजी-आजोबा, सुना, नातवंडे, पोळीभाजीचे डबे, पाण्याच्या बाटल्या, चेंडू-फळी असा सगळा संसार घेऊन आलेले हे लोक पाहिले की मला मनापासून आनंद होतो. माझी सारी नोकरी इथल्या प्राथमिक शाळांत झाली. मुलांनी समुद्र पाहावा, किल्ला चढावा, वाटेत पोयनाडला थांबून शेतातल्या वालाच्या शेंगा पाहाव्यात, थंडीत कुणाच्या तरी अंगणात पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याचा बेत, लागलेली पाहावी, याहून चांगला धडा नाही, असे मी वर्गात नेहमी सांगत आले. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

यातल्या बहुतेक कुटुंबांना कुलाबा किल्ल्यात जायचे असते. तिथल्या गणपतीचे दर्शन घ्यायचे असते, आंग्र्यांचा किल्ला मुलांना दाखवायचा असतो, गोड्या पाण्याच्या तलावाशेजारी सावलीत बसून जेवायचे असते. किल्ला भर समुद्रात आहे आणि ओहोटीला चालत जाता येते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण ओहोटी आज किती वाजता, हे विचारले तर सांगता येत नाही. माणसे रविवार पाहून येतात, आणि समुद्र तिथीप्रमाणे चालतो.

गेल्या हिवाळ्यात एका पौर्णिमेच्या रविवारी असेच एक कुटुंब किनाऱ्यावरच्या कठड्यावर बसलेले पाहिले. बारा वाजत आले होते. सोबतच्या आजी नऊवारी नेसून, हातात जास्वंदीचा हार घेऊन बसल्या होत्या. तटाला लाटा लागत होत्या. "कधी ओसरेल हो?" असे त्यांनी मला विचारले. पौर्णिमेला आणि अमावास्येला आपल्याकडे भर दुपारी पूर्ण भरती असते. ओहोटी पहाटे आणि मग संध्याकाळी सहाच्या आसपास. संध्याकाळपर्यंत थांबायचे तर परतीची गाडी चुकणार. त्यांनी हार तिथेच कठड्यावर ठेवला, किल्ल्याच्या दिशेने हात जोडले आणि सगळे निघाले. आदल्या दिवशी कुणी एक वाक्य सांगितले असते तर ते आठवडाभराने आले असते.

आजींचे दर्शन हुकले, एवढ्यावर निभावले. खरी भीती आत गेलेल्यांची वाटते. भरती लागल्यावर पहिल्या तासात पाणी चढतेय असे वाटतच नाही. वाट उघडीच दिसते, मुले तटावर फोटो काढत असतात. तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने चढते. ते समोरून लाटेसारखे येत नाही. खडकांतल्या खाचांतून, दोन्ही बाजूंनी येते आणि मधली वाट बुडवते. तोवर चपला हातात घेतलेल्या असतात, लहान मूल खांद्यावर असते. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्याइतक्या धारदार असतात, त्यावर शेवाळ. घोटा कापलेला, साडी कमरेपर्यंत भिजलेली, मूल रडतेय, अशा स्थितीत किनारा गाठणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. घोडागाडीवाल्यांना पाण्याची नस ठाऊक असते आणि विचारले तर ते सांगतातही, पण विचारायला माणूस आधी त्यांच्यापर्यंत पोहोचावा लागतो. वाळूत मोटारी उतरवून फेऱ्या मारणारे आणि भरती आली की रुतलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर शोधणारे, हा निराळा विषय. त्यांना कडक दंडच हवा.

2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली मुले बुडाली. त्या आठवड्यात शाळेत मला शिकवणे जमले नव्हते. मुरुड काही लांब नाही. तेव्हापासून किनाऱ्यावर धोक्याच्या पाट्या वाढल्या. पण 'समुद्र धोकादायक आहे' एवढे वाचून घरच्या कर्त्या माणसाला काय कळणार? त्याला आज किती वाजता आत जावे आणि किती वाजता मागे फिरावे हे हवे असते.

आमच्या कोळीवाड्यात हे शाळेत न गेलेल्या बायकांनाही येते. शुद्ध असो की वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेनऊ-पावणेदहाला, पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थी-पंचमीला सकाळी लवकर पोहोचणाऱ्यांना किल्ला सुखाने पाहता येतो. एकादशीला सव्वाआठला भरती, म्हणून दुपारी दोन-अडीचला वाट मोकळी. अष्टमीला ओहोटी बाराला येते, पण तेव्हा भांगाचे पाणी असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो आणि पाणी फार मागे हटत नाही. गुडघाभर पाण्यातून जावे लागेल असे धरून चालावे. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होतो, तेव्हा नेमक्या वेळेसाठी त्यावर विसंबू नये. निघण्याचा दिवस ठरवायला मात्र तो पुरेसा आहे, आणि तिथी तर घरोघरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात असतेच.

नेमक्या वेळाही कुठे दडलेल्या नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभाग वर्षभराची कोष्टके आधीच प्रसिद्ध करतो. पावसाळ्यात मुंबईत साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती कोणत्या दिवशी, हे वर्तमानपत्रे ठळकपणे छापतात. पण माणसे कुटुंबासह किनाऱ्यावर येतात ती ऑक्टोबर ते मे या काळात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ही माहिती पानावरून नाहीशी होते.

आपल्या दैनिकात पंचांग आणि सूर्योदय-सूर्यास्त रोज येतात. त्याखाली दोन ओळी वाढवाव्यात, अशी माझी विनंती आहे: आजच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या. शुक्रवारच्या अंकात शनिवार-रविवारच्याही द्याव्यात, कारण बेत शुक्रवारी रात्री ठरतात. नगरपरिषदेने आणि एसटीने स्थानकात, मांडव्याच्या धक्क्यावर आणि किल्ल्यासमोर साधा काळा फळा लावावा. त्यावर भरती-ओहोटीखाली 'किल्ल्यातून परत निघण्याची शेवटची वेळ' मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत. याला निविदा नको, डिजिटल पडदा नको. खडू लागतो आणि रोज लिहिणारे माणूस लागते.

ते माणूस व्हायला मी तयार आहे. माझे अक्षर अजून चांगले आहे आणि स्थानक घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तसा अर्ज मी संबंधितांकडे दिला आहे. उत्तराची वाट पाहते आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, अलिबाग