‘उजेड कुठे आहे?’ : माझ्या इंग्रजीच्या बाईंना आभाराचे पत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

विचारांच्या इतिहासावरील इंग्रजी निबंधांचा माझा मराठी अनुवाद या आठवड्यात छपाईला गेला. पुस्तकाच्या ऋणनिर्देशात आपले आभार मी मानले आहेतच. परंतु आपण केलेल्या मदतीचा उपयोग इतर अनुवादकांना आणि इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनाही व्हावा, असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी आपल्याकडे आले ती शब्दांची एक यादी घेऊन: ल्युसिड, इल्युमिनेटिंग, एनलायटनिंग, इल्युसिडेट, क्लॅरिफाय, इलस्ट्रेट. हे सगळे शब्द समजण्या-समजावण्याचे, आणि सगळ्यांच्या मुळाशी प्रकाश. कोशांत मात्र त्यांच्यासमोर ‘स्पष्ट’, ‘सुबोध’, ‘उद्बोधक’ हेच प्रतिशब्द आलटून पालटून येतात. आपण त्या यादीवर एकही मराठी शब्द लिहून दिला नाहीत. प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलात: उजेड कुठे आहे?

त्या प्रश्नाने यादीतले शब्द एकमेकांपासून सुटे झाले. ‘ल्युसिड’ लेखनात उजेड त्या वाक्यांच्या आतच असतो. वाचणाऱ्याला कुठे अडखळावे लागत नाही. ‘इल्युमिनेटिंग’ लेखन विषयावर प्रकाश टाकते, आणि ते स्वतः सोपे असेलच असे नाही. एखादा व्यासंगी अभ्यासक अत्यंत दुर्बोध लिहितो, तरीही त्याच्या लेखातून विषयाची आजवर न दिसलेली बाजू दिसू लागते. तो लेख इल्युमिनेटिंग खरा, पण ल्युसिड मुळीच नाही. उलट, शालेय पाठ्यपुस्तकातला एखादा उतारा पूर्णपणे ल्युसिड असूनही विषयाबद्दल नवे काहीच दाखवत नाही. ‘एनलायटनिंग’ म्हणताना उजेड पडतो तो वाचकाच्या मनात, त्यामुळे एकच व्याख्यान एका श्रोत्याला एनलायटनिंग वाटते आणि ज्याला तो विषय आधीच ठाऊक आहे त्याला वाटत नाही. ‘इल्युसिडेट’ हे भाष्यकाराचे काम, कारण त्या क्रियापदाला समोर काहीतरी गूढ किंवा अवघड असावे लागते; जे मुळातच सोपे आहे, ते कोणी इल्युसिडेट करीत नाही. ‘इलस्ट्रेट’चा अर्थही पूर्वी उजळणे असाच होता आणि चित्रांशी त्याचे नाते नंतर जडले, हे आपण सांगितल्यावर, उदाहरण देणे आणि चित्र काढणे या दोन्हींना इंग्रजीत एकच क्रियापद का, याचाही उलगडा झाला.

‘क्लॅरिफाय’च्या बाबतीत आपण दिलेले स्पष्टीकरण मला सर्वांत मोलाचे वाटते. येथे बाहेरून प्रकाश आणलाच जात नाही. गढूळपणा तेवढा काढून टाकला जातो. आपल्या तुपाला इंग्रजीत ‘क्लॅरिफाइड बटर’ म्हणतात, आणि लोणी कढवून बेरी खाली बसल्यावर वरचे तूप जसे नितळ दिसते, तसेच गैरसमजाचा गाळ काढलेले विधान दिसावे, एवढीच त्या शब्दाची अपेक्षा आहे. मंत्र्याने केलेले ‘क्लॅरिफिकेशन’ म्हणजे ‘खुलासा’ किंवा ‘स्पष्टीकरण’. तिथे ‘प्रकाश टाकला’ म्हटले की त्या मंत्र्याच्या पदरी भलतेच श्रेय पडते.

पुढे वैद्यकावरच्या निबंधात ‘ल्युसिड’ पुन्हा भेटला, आणि या वेळी ‘सुबोध’ हा शब्द कामाचा नव्हता. डोक्याला मार लागलेला रुग्ण कधी कधी मध्येच शुद्धीवर येतो, नीट बोलतो आणि नंतर पुन्हा बेशुद्ध होतो. त्या मधल्या वेळेला डॉक्टर ‘ल्युसिड इंटरव्हल’ म्हणतात. कायद्यात हाच शब्दप्रयोग मनोरुग्णाच्या भानावर असण्याच्या काळासाठी येतो. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, एरवी मनाचे स्वास्थ्य नसलेली व्यक्ती ते ठीक असतानाच्या काळात करार करू शकते. म्हणजे उजेड इथे माणसाच्या मनातच आहे, आणि मराठीत त्याला ‘भान’ म्हणतात. लेखन सुबोध, रुग्ण भानावर: इंग्रजी शब्द एक, मराठी दोन, आणि दोन्ही अचूक.

प्रकाशाच्या प्रकारांवर आपण पाठवलेले टिपणही मी जपून ठेवले आहे. ग्लीम, ग्लो, ग्लिटर, ग्लिंट, ग्लिमर, ग्लेअर अशा कितीतरी चकाकणाऱ्या इंग्रजी शब्दांची सुरुवात ‘ग्ल’नेच होते. ध्वनी आणि अर्थ यांच्या अशा जोडीला जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने १९३० साली ‘फोनेस्थीम’ असे नाव दिले. यांतला ‘ग्लिमर’ क्षीण, थरथरता उजेड दाखवतो, म्हणून समजुतीचा ‘ग्लिमर’ म्हणजे पुसटशी जाणीव. ‘ग्लेअर’ डोळ्यांना खुपतो, म्हणून ‘ग्लेअरिंग’ हे विशेषण बहुधा चुकीला लागते, आणि त्यासाठी मराठीत ‘ढळढळीत’ इतका नेमका शब्द आहे की तो सुचल्यावर मला फार आनंद झाला. ‘डॉन’ म्हणजे उजाडणे. इंग्रजीत एरवी माणूस कर्ता होऊन समजून घेतो, पण या क्रियापदात गोष्टच कर्ता होते आणि माणसावर उजाडते. मराठीत मात्र कळणे, उमगणे, समजणे ही सगळी क्रियापदे ‘मला’ने चालतात, समज आपल्याकडे येते, असेच आपले व्याकरण मानते. त्यामुळे तिथे अनुवादात काही गमवावे लागले नाही.

खरी अडचण होती ती ‘एनलायटनमेंट’ची, आणि आपला सर्वाधिक वेळ मी त्यासाठीच घेतला. अठराव्या शतकातील युरोपीय विचारप्रवाहाला फ्रेंच लोक ‘ल्युमिएर’, म्हणजे दिवे किंवा प्रकाश, असे अनेकवचनात म्हणतात. जर्मन शब्द आहे ‘आउफक्लेरुंग’, ज्यात उजळण्याबरोबर निवळण्याचाही अर्थ आहे, आणि जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८४ साली लिहिलेला प्रसिद्ध निबंध ‘आउफक्लेरुंग म्हणजे काय?’ याच प्रश्नाचे उत्तर शोधतो. इंग्रजीने या चळवळीसाठी ‘एनलायटनमेंट’ वापरला, आणि बुद्धाच्या बोधीसाठीही तोच. वास्तविक ‘बोधी’ ज्या ‘बुध्’ धातूपासून आला, त्याचा अर्थ जागे होणे. त्यात प्रकाश नाही. आपल्याकडेही सुधारणेच्या चळवळीला ‘प्रबोधन’ म्हटले गेले, प्रबोधनकार ठाकरे यांनी १९२१ साली त्याच नावाचे पाक्षिक काढले, आणि तो शब्दही जागे करण्याचाच आहे. युरोपविषयीच्या निबंधात ‘ज्ञानोदय’ आणि बुद्धाविषयीच्या निबंधात ‘बोधी’ ठेवावा, मूळ लेखकाने एकच शब्द वापरला असला तरी, हा आपला सल्ला मी शब्दशः पाळला आहे. त्यासाठी आपण दोन पानी पत्र लिहून कारणे दिलीत, तीच मी संपादकांपुढे ठेवली आणि त्यांनी ती मान्य केली.

वयाच्या या टप्प्यावर, डोळ्यांच्या तक्रारी असताना, आपण माझे हस्तलिखित ओळ न् ओळ वाचलेत आणि त्यासाठी काही घेण्यास नकार दिलात. त्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे.

आपली टिपणे पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून छापण्याची परवानगी, शक्य झाल्यास, दुसऱ्या आवृत्तीसाठी द्यावी, ही विनंती. शिवाय ‘इनसाइट’ अजून बाकी आहे. त्यात दृष्टी आहे, उजेडाचा उल्लेखच नाही. मी सध्या ‘मर्मदृष्टी’ ठेवला आहे, परंतु आपले मत कळल्याशिवाय मला तो पक्का करायचा नाही. पुढच्या महिन्यात घरी येऊन भेटले तर चालेल का, ते कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी