दाराचं कुलूप बदलतेय, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मी घाई करते, बाबा गप्प होतात आणि आई "बरं बाई, तुझ्या मनासारखं कर" म्हणून विषय संपवते. म्हणून लिहितेय. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पुढच्या दाराचं कुलूप मी बदलायचं ठरवलंय. नवं घेऊनही झालंय. शनिवारी घेऊन येतेय.

बाबा, रागावू नका. गेल्या महिन्यात तुम्ही पाऊण तास जिन्यात बसून होतात, हे मला तुमच्याकडून नाही, दुसऱ्यांकडून कळलं. आईचा नुकताच डोळा लागलेला, तिला बेल वाजवून उठवायचं नाही म्हणून तुम्ही बसून राहिलात. किल्ली तुमच्या हातातच होती. ती भोकात जात नव्हती, एवढंच.

मी मागच्या वेळी आले तेव्हा कुलपाच्या पितळी चकतीवर ओरखडे पाहिले होते. किल्लीच्या भोकाभोवती, बारीक, एकावर एक, चहूकडे गेलेले. मी त्यांवरून बोटही फिरवलं आणि मनात म्हटलं, कुलूप जुनं झालं. चार दिवस राहिले, त्या दारातून शंभरदा आले-गेले, पण ते ओरखडे तुमच्या हाताच्या थरथरीचे आहेत हे मला सुचलं नाही. जिन्यातली गोष्ट कळली तेव्हा पहिल्यांदा ती चकतीच डोळ्यांपुढे आली.

आणि आई, तू. दोन्ही हातांत पिशव्या, पर्स काखेत दाबलेली आणि एका बोटाने किल्ली शोधणारी तू मला लहानपणापासून पाठ आहेस. आता गुडघ्यांमुळे पिशव्या खाली ठेवून पुन्हा उचलणं तुला जड जातं. तू बोलत नाहीस, पण दारापाशी तू किती वेळ थांबतेस ते मी पाहिलंय.

म्हणून मी असं कुलूप शोधत होते की ज्याला हातच लावावा लागणार नाही. तुम्ही दाराशी यायचं, कुलपाने तुम्हाला ओळखायचं, बोल्ट मागे सरकायचा आणि तुम्ही दार ढकलून आत जायचं. बोटाच्या ठशाचं कुलूप स्वस्तात आणि सहज मिळालं असतं. पण वयाबरोबर बोटांची कातडी कोरडी होते, रेषा पुसट होतात आणि तो सेन्सर पुन्हा पुन्हा नाही म्हणतो. बाबांनी दारात उभं राहून पाच वेळा अंगठा पुसायचा आणि कुलपाने पाच वेळा लाल दिवा दाखवायचा, हे मला नको होतं. चेहरा ओळखणारंही पाहिलं. आईला कुणी टक लावून बघितलेलं आवडत नाही, कॅमेऱ्याने तर नाहीच.

माझ्या स्वतःच्या घरी मी आधी एक हँड्स-फ्री कुलूप लावलं होतं, ते तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. ते फोनच्या लोकेशनवर आणि ब्लूटूथवर चालायचं. फोन घरापासून बराच लांब जाऊन परत आला, तरच त्याला मी "घरी आले" असं वाटायचं. खालपर्यंत जाऊन लगेच वर आले की ते ढिम्म. ते एक वेळ चाललं असतं. पण एका रात्री मी झोपलेली असताना फोनचं लोकेशन आपोआप इकडेतिकडे सरकलं, कुलपाला वाटलं मी बाहेरून आले आणि दार उघडलं. खट् असा आवाज झाला आणि मी जागी झाले. काही झालं नाही, पण सकाळपर्यंत मी दाराकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी ती सोय बंद केली. तुमच्या दारावर असलं काही लावणं शक्यच नव्हतं.

आता जे घेतलंय त्याचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. बाबा, हे तुमच्यासाठी नीट लिहिते, तुम्हाला आवडेल. त्याला अल्ट्रा-वाइडबँड म्हणतात, थोडक्यात यूडब्ल्यूबी. साधं ब्लूटूथ हे सिग्नल किती जोरात येतोय त्यावरून अंतराचा अंदाज बांधतं आणि मध्ये भिंत, पिशवी, माणूस आला की तो अंदाज चुकतो. यूडब्ल्यूबी वेळ मोजतं. कुलपाकडून रेडिओचा एक ठोका निघतो, तुमच्या फोनकडून उत्तर येतं आणि जाण्यायेण्याला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढलं जातं. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटर जाते, म्हणजे एक फूट. एवढ्या बारीक वेळेचा हिशेब ठेवता येतो म्हणून तुम्ही दारापासून एका पावलावर आहात की चार पावलांवर, हे त्याला कळतं. सिग्नल कुठल्या दिशेने येतोय त्यावरून आत आहात की बाहेर, तेही कळतं. आतल्या खोलीत फोन घेऊन फिरलात तर दार उघडणार नाही. मी माझ्याकडे ते एका फळीवर बसवून तीन आठवडे वापरून बघितलंय. फळीच्या आतल्या बाजूने कितीदा गेले, रात्री उठून गेले, मुद्दाम फोन त्याला टेकवून ठेवला. एकदाही उघडलं नाही.

चोरांचंही तुमच्या मनात येईल, म्हणून तेही. 2022 मध्ये सुरक्षेवर काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की दोन यंत्रं मध्ये ठेवून लांबच्या फोनचा ब्लूटूथ सिग्नल दारापर्यंत पोचवता येतो आणि कुलपाला फोन जवळच आहे असं भासवता येतं. गाड्यांच्या बाबतीतही त्यांनी तेच करून दाखवलं. यूडब्ल्यूबीत ही युक्ती चालणं फार अवघड, कारण सिग्नल मध्ये दुसऱ्या यंत्रांतून फिरला की त्याला वेळ लागतो आणि वेळ लागला की फोन लांब आहे असंच कुलपाला दिसतं.

नेट गेलं तर काय, हा आईचा प्रश्न असणार. काही नाही. फोन आणि कुलूप एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये नेट लागत नाही. वीज गेली तरी नाही, कारण कुलूप सेलवर चालतं. सतत वायफायला चिकटून राहणारं कुलूप मी यासाठीच टाळलं, ते सेल फार लवकर खातं. हे थ्रेडवर चालतं, म्हणजे घरातल्या अशा छोट्या वस्तूंसाठीच्या बिनतारी जोडणीवर, त्याला वीज कमी लागते. आणि ते मॅटर मानतं. मॅटर म्हणजे घरातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी एकमेकींशी बोलायची सामाईक भाषा, 2022 मध्ये आली. मी यावर अडून बसले, कारण उद्या कंपनीने दुकान गुंडाळलं किंवा ॲप बंद केलं, तर तुमचं दार कुणाच्या मेहेरबानीवर राहायला नको.

तुमचं जुनं काही जाणार नाही. बाहेरून किल्लीचं भोक आहेच, किल्ली फिरवली की उघडतं. आतून मूठ आहे, ती हाताने फिरते, तिला सेल लागत नाही, फोन लागत नाही, काही लागत नाही. रात्री घाईने बाहेर पडायचं झालं तर मूठ फिरवायची आणि निघायचं, आतापर्यंत जायचात तसं. दाराचा रंग तोच, आईने लावलेला आकडा तिथेच. बाहेरच्या बाजूला आकड्यांची पट्टी आहे, ठरलेले आकडे दाबले की दार उघडतं. तिचे आकडे मोठे आहेत, बोट टेकलं की उजळतात. तुमच्या फोनमध्ये यूडब्ल्यूबीची चिप आहे, बाबा, मी पाहिलं. आई, तुझ्या फोनमध्ये नाही आणि असती तरी फोन तू घरीच विसरतेस. म्हणून तुझ्यासाठी ती चिप असलेलं घड्याळ आणतेय. ते मनगटावर असलं की पुरे. पट्टा मऊ आहे, तुला बोचणार नाही, मी दोन दिवस स्वतः घालून पाहिला.

आई, तुला ती लाल दोऱ्यातली किल्ली आठवते? तू नोकरीला लागलीस तेव्हा माझ्या गळ्यात घातली होतीस. शाळेतून येऊन मी पायरीवर चढून ती लावायचे आणि दोरा छोटा म्हणून गळा कुलपाला लागेल एवढी वाकायचे. गार लोखंड गालाला लागायचं. मला त्या वेळी कधी भीती वाटली नाही, कारण दार उघडलं की आत तुझ्या हातची चिठ्ठी असायची. आता उलट झालंय. तुम्ही दोघं बाहेरून येता आणि मी आत नसते. निदान दार तरी तुमच्यासाठी उघडं व्हावं, एवढंच मला हवंय.

आता थोडं ऐका, आणि हे तरी माझं ऐकाच.

बाबा, दार आधी दुरुस्त करून घ्यायचं. पावसाळ्यात आपला पल्ला फुगतो आणि तुम्ही खांदा लावून दार बसवता, ते इतकी वर्षं चाललं. कुलपाची मोटर लहान असते, तिला खांदा नाही. बोल्ट चौकटीला घासला की ती अडते, पुन्हा पुन्हा जोर लावते आणि सेल संपवते. सुताराला बोलवा, वरची बिजागरी आवळून घ्या, खालची कड रंधून घ्या, चौकटीतली खाच थोडी मोठी करून घ्या. दार एका बोटाने लागलं पाहिजे. शनिवारी मी येऊन पहिलं तेच बघणार आहे. हे झाल्याशिवाय कुलूप बसवणार नाही.

फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, मागच्या नाही. शरीरात पाणी असतं, ते हा सिग्नल अडवतं. मागच्या खिशात असला की दार क्षणभर घुटमळतं.

दार लागलं की आपोआप कुलूप लागायची सोय मी बंद ठेवणार आहे. आई, तू फोन-घड्याळ न घेता पटकन बाहेर जातेस आणि मागे दार लागतं. बाबा आंघोळीला असले तर तू बाहेरच. दोन-तीन महिने सवय होऊ दे, मग बघू. आकडे मात्र आतापासून पाठ हवेत. जन्मतारीख नको, लग्नाची तारीख नको, ती सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर लिहून दाराजवळ तर अजिबात नको. आपल्या जुन्या घराचा फोन नंबर तुम्हाला दोघांनाही अजून तोंडपाठ आहे, त्यातलेच सहा घेऊ.

सेल चारही एकदम बदलायचे, जुने-नवे मिसळायचे नाहीत, चार्ज करायचे सेल तर घालायचेच नाहीत, कारण ते संपताना आधी इशारा न देता एकदम संपतात. कुलूप संपायच्या बरंच आधी सांगतं. सांगितलं की उद्यावर टाकायचं नाही. आणि अगदीच संपले, तर बाहेरच्या बाजूला खाली दोन टोकं आहेत, त्यांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून आकडे दाबायचे. ती बॅटरी शेजाऱ्यांकडे ठेवून द्या, आपल्या घरात नको. घरात ठेवली तर बाहेरून काय उपयोग? एक किल्लीही त्यांच्याकडेच. आई, घड्याळ रोज रात्री चार्जिंगला.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. या कुलपाला कोण कधी आलं, कधी गेलं याची नोंद ठेवता येते. मला ती इथून बघता आली असती. बाबा, तुम्ही काही म्हणायच्या आधीच सांगते, मी बघणार नाही. कुलपाचे मालक म्हणून ॲपमध्ये तुमचं नाव घालणार आहे, माझं नाही. मला पाहुणी म्हणून आत घ्यायचं की नाही ते तुमच्या हातात राहील, आणि काढून टाकायचं असेल तर कसं तेही मी तुम्हालाच शिकवून जाईन. तुम्ही कधी फिरायला गेलात, किती वाजता परतलात, हे मुलीने मोजायचं नसतं.

फक्त एक विचारते. सकाळी दहापर्यंत दार एकदाही उघडलं नाही तर मला एक निरोप येईल, एवढी एक सोय त्यात जोडता येते. बाकी काही कळणार नाही, फक्त तेवढं. मी ती चालू केलेली नाही. तुम्ही दोघं बोला. नको वाटलं तर नको, मी पुन्हा विषय काढणार नाही, सकाळी फोन करत राहीन. हो म्हणालात, तर मला रात्री झोप लागेल.

जुनं कुलूप सुताराने काढलं की भंगारात देऊ नका. ती ओरखड्यांची चकती मला हवी आहे. पुसून-घासून ठेवू नका, आहे तशीच कागदात गुंडाळून ठेवा.

तुमची लेक

ता. क. आई, शनिवारी दुपारपर्यंत पोचते. स्टुलावर चढून दाराच्या वरची जळमटं काढत बसू नकोस. मी आल्यावर काढते.